उन्हाळी शिबिरात दिव्यांगत्वाचा विषय कसा घ्यावा? नव्या स्वयंसेवकांसाठी

एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा संपल्या की कोल्हापुरातल्या चर्चमधून शिबिरांची धांदल सुरू होते. कुठे आवारातच सुट्टीतली बायबल शाळा, कुठे तरुण संघाचं तीन-चार दिवसांचं निवासी शिबिर, जमलं तर पन्हाळ्यावर. अलीकडे वेळापत्रकात एक तास दिव्यांगत्वासाठी ठेवलेला असतो आणि तो बहुधा सगळ्यात नव्या स्वयंसेवकाच्या वाट्याला येतो. त्या स्वयंसेवकासाठी हा लेख. समोर बारा ते सतरा वर्षांची मुलं आहेत असं धरलं आहे.

आधी पाळकांकडे जा आणि सांगा की एक तास नको, रोज पंचवीस-तीस मिनिटं द्या. एका तासात व्याख्यान होतं, मुलं डोळे पुसतात, "बिचारे" म्हणतात आणि जेवणाच्या रांगेत सगळं विसरतात. रोज थोडं थोडं झालं की सकाळी ऐकलेलं दुपारी खेळताना वापरून बघता येतं.

आणि त्याही आधीचं काम शिबिराच्या महिनाभर आधी सुरू होतं.

हजेरीच्या यादीत कोण नाही ते शोधा

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. हाच हिशेब लावला तर चर्चच्या आठशे माणसांच्या मंडळीत सतरा-अठरा जण निघतात. रविवारी उपासनेत किती दिसतात? तरुण संघात किती? न दिसणारे कुठे गेले, हा प्रश्न घेऊन पाळकांबरोबर किंवा एखाद्या वडीलधाऱ्या बाईंबरोबर घरोघर जा.

बहुतेक मंडळीत असं एखादं घर असतंच, जिथलं मूल शिबिराच्या दिवसांत घरी बसतं. कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं. पण कुणी विचारलेलंही नसतं. आईला वाटतं, लोकांना त्रास कशाला. संघाला वाटतं, ते पाठवणार नाहीत. बोलणं साधं ठेवा.

"काकू, यंदा धाकट्याला शिबिराला पाठवा की."

"अगं, त्याला जमायचं नाही ते. कोण बघणार त्याच्याकडं?"

"काय जमतं नि काय जमत नाही ते तुम्ही आणि तो सांगा. त्याप्रमाणं आम्ही तयारी करतो. अजून महिना आहे."

"काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो" असं मात्र म्हणू नका. सगळं बघायला तुम्हाला येत नाही, आणि आईला ते माहीत असतं. विचारा, लिहून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. मूल बोलतं असेल तर प्रश्न थेट त्यालाच विचारा. बोलत नसेल, तरी ते समोर असताना त्याच्याविषयी परस्पर बोलू नका.

नोंदणी फॉर्मवर "काही आजार किंवा व्यंग आहे का?" अशी ओळ असेल तर ती काढा. तिथे बहुतेक पालक "नाही" लिहितात. त्याऐवजी लिहा: "शिबिरात नीट सहभागी होण्यासाठी कोणती सोय लागेल? जेवण, औषधं, चालणं, ऐकणं, वाचणं, झोप, संडास यांपैकी काहीही मोकळेपणानं लिहा." हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो, म्हणून कुणी वेगळं पडत नाही. भरलेला फॉर्म दोघांतिघांनीच बघायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो जाता कामा नये.

दिव्यांग मूल शिबिरात आलं म्हणून ते तुमच्या धड्याचं उदाहरण नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. तेही इतरांसारखं खेळायला, गायला, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायला आलेलं असतं. सर्वांसमोर त्याला उभं करून "आपल्या या भावाकडून शिकूया" म्हणू नका.

जागा बघून या, टेप घेऊन

मिशनच्या काळातल्या दगडी इमारती बहुधा उंच जोत्यावर असतात. पायऱ्या मोजा, उंची मोजा. उतार करायचा तर उंचीच्या बारा पट लांबी लागते. सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फूट, दीड फुटाच्या जोत्यासाठी अठरा फूट. एक-दोन पायऱ्या असतील तर सुताराकडून जाड प्लायवूडचा सुटा उतार करून घेता येतो. त्यावर घसरू नये असं काही बसवा आणि कडेला पट्ट्या मारा, म्हणजे चाक खाली उतरणार नाही. चार पोरांनी खुर्चीसकट उचलून नेणं ही सोय नव्हे. त्यात पडायचा धोका आहे आणि बसलेल्या माणसाला ते आवडतं का, हे कुणी विचारत नाही.

दार तीन फूट रुंद असेल तर बहुतेक चाकाच्या खुर्च्या जातात. खरी अडचण संडासाची. शिबिराच्या जागी बहुतेक ठिकाणी भारतीय बैठक असते आणि दार अरुंद. कमोडची खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. ही एक गोष्ट आधी केली नाही तर ते मूल दिवसभर पाणी पीत नाही, आणि मेच्या उन्हात त्याचा परिणाम तुम्हाला संध्याकाळपर्यंत दिसतो.

पन्हाळ्यावर जाणार असाल तर चढ-उतार आणि वळवाच्या सरीनंतरचा चिखल लक्षात घ्या. गडावरची सगळी ठिकाणं सगळ्यांना जमतील असं नाही. मग सहल अशी आखा की गाडी जिथपर्यंत जाते तिथेच मुख्य कार्यक्रम व्हावा. एका मुलाला गाडीत बसवून बाकीच्यांनी बुरूज बघून येऊ नये.

आवाजाचाही विचार करा. ढोलकी, कीबोर्ड आणि मोठे स्पीकर एकत्र वाजतात तेव्हा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला ते असह्य होऊ शकतं. एक शांत खोली किंवा झाडाखालची जागा कुणालाही, न विचारता, जाऊन बसता येईल अशी ठेवा. दिवसाचं वेळापत्रक चित्रांसह भिंतीवर लावा. ते सगळ्याच मुलांना उपयोगी पडतं.

शिकवणारी व्यक्ती दिव्यांगच असावी

या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

आपल्या मंडळीचा इतिहास सेवेचा आहे. मिशनरी वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून शाळा उघडल्या गेल्या. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारलं. तिथलं रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही याच परंपरेतलं. भारतातली पहिली अंधशाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये अमृतसरला सुरू केली. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्याबरोबर एक सवयही आपल्यात मुरली: दिव्यांग म्हणजे ज्याची सेवा करायची तो. देणारे आपण, घेणारे ते. मुलांना पहिल्यांदा वेगळं काही दाखवायचं असेल तर त्यांनी दिव्यांग व्यक्तीला फळ्यापाशी उभी किंवा बसलेली, शिकवताना, रागावताना, चुका दुरुस्त करताना पाहायला हवं.

कोल्हापुरात हे अवघड नाही. इथे १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली, त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करत आल्या. शहरात आणि जिल्ह्यात अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळा आहेत, तिथले माजी विद्यार्थी आज बँकांत, शाळांत, स्वतःच्या धंद्यात आहेत. ती व्यक्ती ख्रिस्ती असलीच पाहिजे असा हट्ट नको. आधी आपल्या मंडळीत विचारा, मग बाहेर.

बोलावताना चार गोष्टी सांभाळा. कार्यक्रम ठरवतानाच त्यांना विचारा, ठरल्यावर नव्हे. मानधन द्या, आणि येण्याजाण्याचा रिक्षाखर्च वेगळा द्या. इतर वक्त्यांना पाकीट आणि यांना फक्त शाल-नारळ हे बरोबर नाही. कर्णबधिर पाहुणे असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषी ठरवा. आणि त्यांच्याकडून फक्त "साक्ष" मागू नका. रडवणारी कहाणी ऐकायची आपल्याला फार ओढ असते. त्यांना विषय द्या: ब्रेल शिकवा, बुद्धिबळ शिकवा, नोकरीच्या मुलाखतीला कसं जायचं ते सांगा. आयुष्याविषयी किती बोलायचं ते त्या ठरवतील.

पहिला दिवस: घरी-गल्लीत काय ऐकलं?

पहिल्या दिवशी शिकवू नका. मुलांना कागद द्या आणि नाव न घालता लिहायला सांगा: दिव्यांग माणसांविषयी घरी, गल्लीत, शाळेत काय काय ऐकलंय? ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटका. मागच्या जन्माचं पाप. आईबापांचे भोग. कुणाची तरी करणी. वेड्याच्या नादाला लागू नये. फिट आली की चप्पल हुंगवावी. ख्रिस्ती घरांतल्या मुलांच्या कागदांवरही यातलं बरंच येतं, कारण आपण याच गल्ल्यांत वाढतो. हसू नका, लगेच खोडूनही काढू नका. एकेक फळ्यावर लिहा आणि विचारा, "हे खरं असेल तर काय व्हायला हवं होतं?" ग्रहण सगळ्या गावाला लागतं, मग एकाच बाळाला का? पंधरा वर्षांची मुलं हा युक्तिवाद स्वतः पुरा करतात.

मग योहान ९ वाचा. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. दोन हजार वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आजही फळ्यावर आहे, हे मुलांना स्वतः दिसू द्या.

याच दिवशी टोपणनावांचं बोलणं काढा. कोल्हापुरात टोपणनाव नसलेला माणूस सापडणं कठीण, त्यात माया असते. पण लंगड्या, तिरळ्या, बहिऱ्या, तोतऱ्या, येडा ही नावं ठेवताना त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. मुलांना सांगा: ज्याचं त्याचं नाव घ्या, आणि दिव्यांगत्वाचा उल्लेख गरज असेल तेव्हाच करा. सरकारी कागदांवर "दिव्यांग" असतं, काहींना "अपंग" म्हटलेलं चालतं, काहींना दोन्ही आवडत नाही. पाहुण्यांना विचारा आणि ते म्हणतील ते वापरा. मोठ्या मुलांना हेही सांगा की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ९२ व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. धाक घालण्यासाठी नाही, देशानं ही गोष्ट किती गंभीर मानली ते कळावं म्हणून.

त्याच कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. यादी पाठ करून घेऊ नका. एवढंच दाखवा की त्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टी आहे, अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहे, कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आहेत. म्हणजे वर्गात वाचताना अडखळणारा, सगळ्यांच्या हसण्याचा विषय झालेला मित्रही यात असू शकतो. ही गोष्ट ऐकताना दोन-तीन मुलं एकदम गप्प होतील. त्यांना नंतर एकटं गाठा, तेव्हाच्या तेव्हा विचारू नका.

बरं होण्याच्या प्रार्थनेविषयी

हा भाग पाळकांशी आधी बोलून घ्या, नाहीतर शिबिरात गोंधळ होतो. शेवटच्या रात्री प्रार्थनेची वेळ रंगात येते, कुणीतरी चाकाच्या खुर्चीतल्या मुलाभोवती कोंडाळं करतं, हात ठेवले जातात, "विश्वास ठेव, ऊठ!" ऊठ म्हणणाऱ्यांचं प्रेम खरं असतं. पण दुसऱ्या दिवशी ते मूल खुर्चीतच असतं, आणि त्याच्या मनात एक नवीन ओझं: माझाच विश्वास कमी पडला.

मुलांबरोबर मार्क १० मधला बार्तीमय वाचा. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसतंय, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आधी प्रश्न, मग कृती. शिबिराचा नियम हाच ठेवा: परवानगी घेतल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि प्रार्थना कशासाठी हवी ते त्यालाच विचारायचं. कदाचित त्याला दहावीच्या निकालाची काळजी असेल.

मग पौलाच्या शरीरातल्या काट्याकडे या, २ करिंथ १२. तो काढ म्हणून त्यानं देवाकडे तीनदा मागितलं, काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि २ शमुवेल ९ मधला मफीबोशेथ. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून त्याचे पाय गेले. दाविदानं त्याला बोलावून आपल्या मेजावर जागा दिली. अध्यायाच्या शेवटच्या ओवीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: तो राजाच्या मेजावर नेहमी जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाल्यावर जागा मिळाली असं नाही. मी तरुणांबरोबर यासारखा दुसरा अध्याय वाचला नाही. मुलांना विचारा, आपल्या मंडळीत असं मेज कुठे आहे?

डोळ्यांवर पट्टी बांधू नका

इंटरनेटवर शोधलं तर पहिलाच खेळ हा मिळतो: डोळे बांधा, कानात बोळे घाला, खुर्चीत बसा, मग "कसं वाटलं?" मला हा खेळ नकोसा वाटतो. दहा मिनिटं डोळे बांधलेलं मूल धडपडतं, घाबरतं आणि शिकतं ते एवढंच की आंधळं असणं भयंकर आहे. अंध माणूस मात्र वर्षानुवर्षं काठी वापरतो, आवाजावरून रस्ता ओळखतो, नोटा घड्या घालून वेगळ्या ठेवतो. ते कौशल्य पट्टीखाली दिसतच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही दिसलं की अशा खेळांनंतर माया वाढल्यासारखी वाटली, पण असहायतेची आणि भीतीची भावनाही वाढली, आणि दिव्यांगांबरोबर मिसळण्याविषयीचं मत सुधारलं नाही.

त्याऐवजी कौशल्यच शिकवा.

ब्रेलसाठी अंड्यांचा ट्रे कापून सहा खळग्यांचे तुकडे करा, तीन ओळी, दोन रांगा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. खळग्यात लिंबं ठेवली की अक्षर तयार. भारती ब्रेलमध्ये क म्हणजे १ आणि ३, म म्हणजे १, ३ आणि ४, ल म्हणजे १, २ आणि ३. झाला "कमल". मग पाहुण्यांकडून पाटी आणि टोचणीनं खऱ्या कागदावर लिहायला शिका. लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे पहिल्यांदा करताना मोठी मुलंही गोंधळतात, आणि शिकवणाऱ्या ताई सराईतपणे ओळ संपवतात. त्या एका क्षणात मोठेपणाची बाजू उलटते.

सांकेतिक भाषेसाठी कर्णबधिर शिक्षक मिळवा. व्हिडिओवरून शिकणार असाल तर तो भारतीय सांकेतिक भाषेचाच आहे ना ते बघा. अमेरिकी भाषेत वर्णमाला एका हातानं दाखवतात, आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. आपलं नाव, "नमस्कार", "जेवलास का?", "पुन्हा सांग" एवढं पुष्कळ. टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, हे मात्र पहिल्याच सकाळी शिकवा. शिबिरभर तसंच चालू ठेवा.

आणि टेप. मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एक मोजपट्टी. चर्चचं आवार, संडास, व्यासपीठ, प्रभुभोजनाची जागा मोजा. कुठे चाक अडेल? कुठे अंधार आहे, जिथे ओठांची हालचाल दिसणार नाही? पडद्यावरच्या गीतांची अक्षरं मागच्या बाकावरून वाचता येतात का? जाण्याआधी मार्क २ वाचा. चौघांनी मित्राला खाटेवर आणलं, दार गर्दीनं अडलं होतं, तर त्यांनी छप्पर उघडलं. मित्राला "तू घरीच थांब" म्हटलं नाही. शेवटी मुलांनी केलेली यादी मोजमापांसकट मंडळीच्या पंचांना द्यायला लावा. त्यातलं एक काम वर्षभरात व्हावं, यासाठी पाठपुरावा तरुण संघानं करावा.

मदत कशी करायची

कोल्हापूरचा माणूस मदतीला धावतो, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सगळ्यांनी पाहिलं. आपली अडचण धावण्याची नाही, न विचारता धावण्याची आहे. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, अंध माणूस दिसला की दोघं त्याच्या दंडाला धरून नको त्या एसटीत चढवतात.

याची छोटी नाटुकली बसवा. केएमटीची बस, मिसळीचं दुकान, रंकाळ्यावरची भेळेची गाडी. नियम थोडेच:

अंध व्यक्तीला आधी बोलून विचारा, "मदत हवी का?" हो म्हटलं तर त्यांनी आपल्या कोपराच्या वर धरायचं, आपण अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की सांगायचं, चढती की उतरती. निघताना "मी जातो" सांगून जायचं.

कर्णबधिर व्यक्तीशी समोरून, उजेडात, नेहमीच्या वेगानं बोलायचं. ओरडून उपयोग नाही. जमलं नाही तर मोबाईलवर टाइप करून दाखवा.

अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. थांबायचं.

चाकाची खुर्ची ही त्या माणसाच्या अंगाचा भाग समजा. तिला टेकू नका, पिशवी अडकवू नका, न विचारता ढकलू नका.

बौद्धिक अक्षमता असलेला पंचवीस वर्षांचा माणूस पंचविशीतलाच असतो. त्याला "अले बाळा" करू नका, दादा म्हणा. आणि मिसळवाल्यानं सोबत्याला "यांना तिखट चालतं का?" विचारलं, तर सोबत्यानं शांतपणे म्हणावं, "त्यांनाच विचारा की."

"नको" म्हटलं तर नको. राग मानायचा नाही. हे मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घ्या, कारण नकार ऐकण्याची सवय आपल्याला नसते.

मैदानावर

दिव्यांग मुलाला गुण लिहायला बसवणं ही आपल्याकडची ठरलेली पळवाट. खेळ बदला. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये सगळेच जमिनीवर बसतात, जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर उंचीवर असते, दोरी बांधूनही भागतं. अंधांच्या क्रिकेटमध्ये आवाज करणारा प्लास्टिकचा चेंडू हाताखालून टाकतात, गोलंदाज आधी "रेडी?" विचारतो आणि टाकताना "प्ले" म्हणतो. मुलांनीही नियम सुचवावेत. लगोरीत कोण कुठून मारणार हे गल्लीतली पोरं मिनिटात ठरवतात.

खेळाडूंची नावं सांगायची तर जवळचीच आहेत. इस्लामपूरजवळ जन्मलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवलं. कोल्हापूरचे जलतरणपटू स्वप्नील पाटील यांना अर्जुन पुरस्कार आहे. हे जरूर सांगा, पण लगेच पुढचं वाक्यही: पदक न जिंकणाऱ्या मुलालाही मैदानावर तितकीच जागा आहे.

फिट आली, घाबरगुंडी उडाली तर

प्रत्येक स्वयंसेवकाला हे आधी यायला हवं. फिट आली तर आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा, झटके ओसरताच कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. चप्पल, कांदा, किल्ली नाही. घट्ट दाबून धरायचं नाही. घड्याळ लावा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, किंवा ही पहिलीच वेळ असेल, तर १०८ ला फोन. गर्दी हटवा आणि मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्याला थांबवा.

स्वमग्न मूल आवाजानं किंवा बदलानं कोलमडलं तर तो हट्ट नव्हे. रागावू नका, कमी बोला, शांत जागेकडे न्या, वेळ द्या.

आंघोळ, कपडे, संडास यांत मदत लागणाऱ्या मुलाबरोबर कोण असेल ते पालकांशी आणि मुलाशी बोलून आधीच ठरवा. बंद दाराआड एकटा मोठा माणूस कधीही नको. गैरप्रकाराची शंका आली तर "मंडळीचं नाव खराब होईल" म्हणून दाबू नका. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

शिबिर मेमध्ये संपतं, पूर जुलैत येतो

शेवटच्या दिवशी प्रतिज्ञा घेण्याऐवजी मुलांना एक काम द्या. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, चिखली, आंबेवाडी इथे पाणी आधी येतं. अशा भागांत मंडळीतली आणि शेजारातली दिव्यांग आणि वृद्ध माणसं कोण, याची यादी तरुण संघानं जून संपण्याआधी करावी, अर्थात त्यांना विचारून. प्रत्येक घराशी दोन मुलं जोडून द्या.

त्या दोघांनी घरी जाऊन एवढं विचारायचं: बाहेर पडायची वेळ आली तर तुम्हाला कसं न्यायचं? काय सोबत लागेल? दिव्यांग ओळखपत्र आणि औषधांची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली आहे का? चाकाची खुर्ची नेता येणारं वाहन कुणाचं? पूर्वसूचना भोंग्यावरून देतात, ती कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही, त्याला मेसेज कोण करणार? ग्रुपवर सूचनेचा फोटो टाकतात, तो अंध माणसाच्या मोबाईलला नेहमीच वाचता येतो असं नाही, तोच मजकूर टाइप करून कोण पाठवणार? स्थलांतरासाठी ज्या शाळेत जायचं तिथे पायऱ्या किती, संडास कसा? टेप शिबिरातलीच घेऊन जा.

पहिली भेट जूनच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर. दुसरी, इशारा पातळीच्या बातमीची वाट न बघता, जुलै लागताच.